लायबेरियातल्या शाळांचा तांदूळ मधेच तोडू नका

शाळेतलं जेवण वेळेवर आलं नाही की काय होतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी कळव्याला राहते आणि दिघ्याकडच्या एका वस्तीतल्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, आमची निम्मी पोरं खाणीवर नाहीतर बांधकामावर जाणाऱ्यांची, कुणी जालना-परभणीकडची, कुणी वाशिमची, कुणी थेट बिहारची. पूर्वी खिचडी शाळेतच शिजायची, आता सेंट्रल किचनचा टेम्पो येतो, आधी आम्ही चव घ्यायची, रजिस्टरमध्ये सही करायची, मग वाटप. मधे एकदा पुरवठा काही दिवस बंद पडला, कुणामुळे ते जाऊ दे. पहिल्यांदा पोरं दप्तरात बिस्किटचा पुडा घेऊन आली, मग चौथी-पाचवीच्या मुली हळूहळू दिसेनाशा झाल्या. घरी जाऊन विचारलं तर एक आई म्हणाली, मॅडम, ती लहान्याला कडेवर घेऊन शाळेत यायची, त्याच्या तोंडात पण दोन घास पडायचे, आता तिथे काही मिळणार नसेल तर ती त्याला घेऊन घरीच थांबते ना. जेवण परत सुरू झालं तेव्हा बहुतेक मुली परत आल्या, पण सगळ्या नाही आल्या. एक पोरगी धुणीभांडी करायला लागली ती लागलीच.

आपल्याकडे सरकार आहे, कोर्टाचा आदेश आहे, कायदा आहे, तरी चार दिवसांच्या खंडाने हे होतं. जिथे पूर्ण जेवणच बाहेरच्या देशाच्या मदतीवर चालतं आणि ती मदतच बंद होतीये तिथे काय होत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितीये.

लायबेरिया. पश्चिम आफ्रिकेत समुद्राला लागून छोटासा देश, लोकसंख्या आपल्या ठाणे जिल्ह्यापेक्षाही कमी. या देशाशी माझं नातं जोडलं गेलं ते आमच्या ताईमुळे, माझ्या आत्याची मुलगी, सीआरपीएफमध्ये आहे. २००७ साली भारताने लायबेरियात युनोच्या शांतिसेनेत फक्त बायकांची पोलीस तुकडी पाठवली, जगातली अशी पहिली तुकडी, आणि २०१६ पर्यंत दरवर्षी बदलून नव्या मुली जात राहिल्या. मोनरोव्हियात, म्हणजे तिथल्या राजधानीत, राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसबाहेर पहारा, रात्रीची गस्त, दंगल झाली तर पुढे उभं राहणं, हे सगळं आपल्या गावाकडच्या मुलींनी तिथे केलंय. इथे त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. ताई २०१४ च्या इबोलाच्या साथीआधीच्या एका तुकडीत होती.

तिथलं युद्ध १९८९ ला सुरू झालं, मधे थोडं थांबलं, परत १९९९ ला पेटलं आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये घाना देशातल्या अक्रा शहरात करार झाला तेव्हा कुठे संपलं. अडीच लाखाच्या आसपास माणसं गेली म्हणतात. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातात बंदुका दिल्या होत्या. त्यामुळे एक अख्खी पिढी शाळेशिवाय मोठी झाली. शाळांच्या इमारती जळल्या, छप्परं उचकटून नेली, मास्तर मेले नाहीतर पळून गेले. आणि एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते, तिथे भाताला फार मोठी जागा आहे, अगदी कोकणासारखी, दिवसभर दुसरं काही पोटात गेलं तरी भात नसेल तर माणूस जेवलो म्हणत नाही. १९७९ च्या एप्रिलमध्ये सरकारने तांदळाची किंमत वाढवायचं ठरवलं म्हणून मोनरोव्हियात दंगल झाली, माणसं मेली, आणि वर्षभरात तिथलं सरकारच उलथलं. तांदळावरून देश कसा हलतो हे त्यांना चांगलं माहितीये.

ताई सांगते त्यातली एक शाळा माझ्या डोळ्यासमोर तशीच्या तशी उभी राहते. त्यांच्या कॅम्पपासून जवळ होती, सुट्टीच्या दिवशी या मुली तिथे जाऊन पोरींना सेल्फ डिफेन्स शिकवायच्या. पत्र्याची शेड, बाजूला तीन दगडांची चूल, वर मोठं काळं पातेलं, आणि स्वयंपाक करणाऱ्या दोन बाया, त्यांना पगार नव्हता, शिजवलेल्यातलंच थोडं घरी न्यायला मिळायचं. लाकूडफाटा पालकांनी आणायचा, मीठ-मिरची पण गावानेच, बाकी गव्हाचा दलिया, पिवळे वाटाणे, तेल, कधी तांदूळ, हे सगळं बाहेरून आलेलं. पोरं घरून वाडगा आणि चमचा घेऊन यायची. पहिलीच्या वर्गात बारा-तेरा वर्षांची मुलं बसलेली असायची, सहा वर्षांच्या पोरांच्या शेजारी, गुडघे बाकाला लागायचे. लायबेरियात हे आजही खूप आहे, वय जास्त आणि इयत्ता खालची, कारण सुरुवातच उशिरा झाली किंवा मधेच सुटली.

त्यात एक मुलगा होता, तो सकाळी रस्त्यावर थंड पाण्याच्या पिशव्या विकायचा, डोक्यावर टोपली घेऊन गाड्यांच्या मधून पळत. ज्या दिवशी शाळेत चूल पेटायची त्या दिवशी तो साडेदहाच्या आत टोपली बहिणीकडे देऊन वर्गात, ज्या दिवशी धूर दिसायचा नाही त्या दिवशी तो सिग्नलवरच. ताई म्हणते, त्याच्या मास्तरांनी हजेरीच्या वहीत जेवणाच्या दिवसापुढे छोटी टिंबं काढून ठेवली होती आणि टिंबं असलेल्या दिवशीचे रकाने भरलेले, नसलेल्या दिवशीचे मोकळे. मी स्वतः हजेरीपत्रक भरते त्यामुळे ती वही न बघताही मला दिसते. पोषण-बिषणाचं विज्ञान आपल्या जागी आहेच, पण शाळेतलं जेवण म्हणजे आधी पोराला त्या चार भिंतींत आणून बसवणारी गोष्ट आहे, आणि मुलींच्या बाबतीत तर जास्तच. तिथे वरच्या वर्गातल्या मुलींना घरी न्यायला शिधा द्यायची पण पद्धत होती, म्हणजे घरच्यांना पण वाटावं की हिला शाळेत पाठवण्यात घराचा फायदा आहे. आपल्याकडे १९९५ ला योजना सुरू झाली तेव्हा ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा, तोच हिशोब.

मग २०१४ ला इबोला आला. एकट्या लायबेरियात ४८०० च्या वर माणसं गेली, शाळा कित्येक महिने बंद, उघडल्या त्या थेट २०१५ च्या फेब्रुवारीत. आपण कोविडमध्ये शाळा बंद ठेवून काय झालं ते बघितलंय, किती पोरं परत आलीच नाहीत, त्यामुळे युद्धानंतर दहा वर्षं जेमतेम सावरलेल्या देशाचं काय झालं असेल याचा अंदाज आपल्याला करता येईल. युनोची शांतिसेना २०१८ च्या मार्चमध्ये तिथून पूर्ण निघाली. युद्ध संपलं, इबोला संपला, टीव्हीवरून देश गायब झाला, आणि नेमकं इथूनच मदत करणाऱ्यांना वाटायला लागतं की आता झालं, आता यांचं यांनी बघावं. पण बंदुका थांबल्या म्हणजे सरकारच्या तिजोरीत पैसे आले असं होत नाही. शेतीचे रस्ते नाहीत, कर गोळा होत नाही, शिक्षकांचे पगारच कसेबसे निघतात, त्यात रोज लाखो पोरांचं जेवण कुठून आणायचं.

आता हे अन्न पोचतं कसं ते थोडं सांगते, कारण इथेच सगळी गोम आहे. मोनरोव्हिया हे जगातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या राजधान्यांपैकी एक, साडेचार हजार मिलिमीटरच्या पुढे, आपला ठाण्याचा पाऊस त्याच्या निम्मा-सव्वानिम्मा. मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडचे जिल्हे जवळजवळ तुटतात, मेरीलँड, ग्रँड क्रू, रिव्हर जी, मातीचे रस्ते, ट्रक चाकापर्यंत रुततात. म्हणजे पावसाआधीच पोती शाळेच्या गोदामात जाऊन पडली पाहिजेत, फळीवर रचून, भिंतीपासून लांब, नाहीतर ओल आणि उंदीर. आणि पोती पावसाआधी पोचायची तर पैसे त्याच्या कितीतरी महिने आधी मंजूर झाले पाहिजेत, मग खरेदी, मग जहाज, मग बंदर, मग ट्रक. आपल्या नवी मुंबईत न्हावाशेव्याला कामाला जाणारे घरोघरी आहेत, त्यांना विचारा एक कंटेनर कागदांसाठी अडकला तर काय होतं. तेव्हा देणाऱ्या देशाने मार्चमध्ये सांगितलं की थांबा, आम्ही फेरविचार करतोय, आणि जूनमध्ये सांगितलं बरं घ्या, तर ते तीन महिने नसतात, शाळेचं अख्खं वर्ष गेलेलं असतं.

आणि २०२५ मध्ये हेच झालं. २० जानेवारीला अमेरिकेत ट्रम्प परत आले आणि त्याच दिवशी परदेशी मदत ९० दिवस थांबवायचा आदेश निघाला. १ जुलैला यूएसएड ही अमेरिकेची परदेशी मदत देणारी संस्थाच बंद झाली, तिचं जे उरलं ते त्यांच्या परराष्ट्र खात्यात गेलं. लायबेरिया अमेरिकेच्या मदतीवर सगळ्यात जास्त अवलंबून असणाऱ्या देशांच्या यादीत अगदी वर होता, दवाखान्यांपासून शाळांपर्यंत सगळीकडे झटका बसला. शाळेतल्या जेवणासाठी अमेरिकेची मॅकगव्हर्न-डोल नावाची वेगळी योजना आहे, २००२ पासूनची, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या दोन सिनेटरांच्या नावाने, म्हणजे एकेकाळी यावर तिथे दोन्ही बाजूंचं एकमत होतं. २०२६ च्या बजेट प्रस्तावात ही योजना अख्खी काढून टाका असं लिहून आलं. शेवटचा शब्द त्यांच्या काँग्रेसचा असतो, पण दरवर्षी ही टांगती तलवार असेल तर कुठल्या देशाचं शिक्षण खातं पुढच्या वर्षाचं काही ठरवू शकेल? युनोचा जागतिक अन्न कार्यक्रम, डब्ल्यूएफपी, ज्यांना २०२० चं शांततेचं नोबेल मिळालं, त्यांनीच सांगितलं की २०२५ मध्ये त्यांचा निधी आदल्या वर्षीपेक्षा ४० टक्क्यांनी कमी होणार. आणि पैसा कमी पडला की आधी जीव वाचवायचं अन्न, सुदान, गाझा, आणि ते बरोबरच आहे, पण मग शाळेचं जेवण यादीत सगळ्यात खाली जातं. मरत नाहीयेत ना, मग थांबतील. ती पोरं थांबत नाहीत हो, ती मोठी होतात.

२०२५ मध्येच दुबईच्या गोदामात जवळजवळ ५०० टन हाय एनर्जी बिस्किटं पडून राहिली, लहान मुलांसाठीची, अफगाणिस्तान-पाकिस्तानला जायची होती, निर्णय घेणारं कुणी जाग्यावर राहिलं नव्हतं आणि मुदत संपली म्हणून ती नष्ट करायची वेळ आली. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आमच्याकडे टेम्पोतून आलेल्या डब्यात खिचडी उरली तर कुणाला देता येईल म्हणून आम्ही मावश्यांबरोबर शाळेच्या गेटवर उभ्या राहतो.

काही जण म्हणतील की तुमचं काय जातंय, आफ्रिकेतल्या पोरांचं अमेरिका बघेल नाहीतर नाही बघणार. जातंय, कारण आपण स्वतः या पोत्यांवर जगलोय. आमचे अण्णा आटपाडीकडचे. ७२ च्या दुष्काळात ते शाळेत होते, सुकडी हा शब्द काढला की आजही त्यांचा चेहरा बदलतो. लाल मिलोची भाकरी, ती तुटायची, गिळायला त्रास व्हायचा, पण होती. केअर या अमेरिकन संस्थेची दुधाची पावडर शाळेत कालवून द्यायचे, तिच्या पिंपावर दोन हात एकमेकांत घेतलेलं चित्र आणि खाली अमेरिकन जनतेकडून भेट असं इंग्रजीत. ताईने मोनरोव्हियाहून आणलेल्या फोटोंमध्ये एका बाईने तेलाच्या रिकाम्या डब्यात कोथिंबिरीसारखं काहीतरी लावलंय, त्या डब्यावर तेच दोन हात. अण्णांनी तो फोटो कितीतरी वेळ हातात धरून ठेवला होता.

आणि त्या मदतीला दुसरी बाजू पण होती ते विसरू नये. १९५४ चा अमेरिकेचा पीएल ४८० कायदा, १९५६ पासून आपल्याकडे त्याखाली गहू यायला लागला, आणि १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सननी तोच गहू महिन्या-महिन्याच्या हिशोबाने सोडला, धोरण पटलं नाही तर जहाज उशिरा. जहाज बंदराला लागलं तर घास तोंडात अशी देशाची अवस्था. ती नामुष्की आपल्या आधीच्या पिढीने सहन केलीये. म्हणूनच मला वाटतं की दुसऱ्या देशाच्या शाळेतलं जेवण असं महिन्याच्या दोरीला बांधू नये हे ठणकावून सांगायचा अधिकार भारताइतका कुणाला नाही.

शिवाय आपण देणारे पण झालोय, हे किती जणांना माहितीये? २००१ नंतर अफगाणिस्तानात शाळा परत उघडल्या तेव्हा भारताने १० लाख टन गहू द्यायचं कबूल केलं, तो पाकिस्तानातून न्यायला अडचण, म्हणून त्यातल्या काहीची हाय प्रोटीन बिस्किटं करून पाठवली, डब्ल्यूएफपीमार्फत जवळजवळ २० लाख शाळकरी मुलांना रोज १०० ग्रॅम, त्यातल्या एक तृतीयांश मुली. ज्या देशात मुलींना शाळेत जायची बंदी होती तिथे आपल्या बिस्किटांचा पुडा हातात घेऊन मुली वर्गात बसल्या. मला शिक्षक म्हणून या गोष्टीचा फार अभिमान वाटतो, चांद्रयानाइतकाच.

माझ्या स्टाफरूममध्ये मी हे बोलले तेव्हा लगेच आलं, आपल्या मोखाडा-जव्हारचं बघा आधी. बघायलाच पाहिजे. १९९२ ला वावर-वांगणीत पोरं भुकेने गेली तेव्हा तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, पालघर वेगळा झाला २०१४ ला, म्हणून जबाबदारी वेगळी होत नाही. आमच्याच शाळेत आठवड्याला अंडं मिळायचं ते बंद झालं, त्यासाठी पण मी भांडतेच आहे. प्राथमिकच्या पोरामागे भाजी-डाळ-तेल-इंधनाला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात, यात काय होतं ते स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा. पण मोखाड्याचं पोर आणि मेरीलँडचं पोर यांच्यात भांडण कोण लावतंय? मोखाड्यात अन्न पोचत नाही याचं कारण लायबेरियाला दिलं हे नाहीये, देशात तांदूळ कमी आहे हे पण नाहीये.

तांदूळ किती आहे ते सांगते. २०२४-२५ मध्ये एफसीआयच्या, म्हणजे सरकारी अन्न महामंडळाच्या साठ्यातला ५२ लाख टन तांदूळ इथेनॉल करायला काढायचं ठरलं, म्हणजे गाडीच्या टाकीत. आता साधं गणित, आमच्या शाळेतल्या चौथीच्या पोरांना जमेल असं. एक लाख मुलं, आपल्याच पोषण आहाराच्या मापाने प्रत्येकी दिवसाला १०० ग्रॅम, म्हणजे रोज १० टन. शाळेचे १८० दिवस धरले तर वर्षाला १८०० टन. एक लाख पोरांचं वर्षभराचं धान्य, १८०० टन. ५२ लाखांच्या पुढे हा आकडा लिहून बघा. जहाजाचं भाडं आहे, डाळ-तेल आहे, तिथले ट्रक आहेत, मान्य, पण तांदूळ नाही म्हणून अडलंय असं आपण तरी म्हणू शकत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या अन्न खात्याने डब्ल्यूएफपीबरोबर फोर्टिफाइड तांदूळ पुरवायच्या इरादापत्रावर सही पण केलीये. हा तोच तांदूळ, लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी १२ घातलेला, जो रेशनला आणि आमच्या खिचडीत येतो आणि ज्याचे वेगळे दिसणारे दाणे बघून पालक प्लास्टिकचा तांदूळ म्हणून शाळेत भांडायला यायचे, मी वाटीत पाणी घेऊन दाणे भिजवून दाखवायचे, तेव्हा कुठे पटायचं. हा तांदूळ जिथे दुष्काळ आहे तिथे जाईलच, जाऊ दे, पण त्यातला थोडा हिस्सा शाळेच्या पातेल्यासाठी म्हणून आधीच बाजूला काढून ठेवायला हवा.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे आणि ती मला पटते पण. फुकटचं परदेशी धान्य येत राहिलं तर तिथल्या शेतकऱ्याचा भाव पडतो आणि देश कायमचा लाचार होतो. म्हणूनच मदत चालू ठेवा म्हणताना ती कशी ते पण म्हटलं पाहिजे. लायबेरियात डब्ल्यूएफपीने जवळच्या शेतकऱ्यांकडून तांदूळ, भाज्या, कसावा नावाचा कंद घेऊन शाळेत शिजवायचं सुरू केलंय, बायकांचे शेतीचे गट आहेत, त्यांना हक्काचं गिऱ्हाईक मिळतं. दरवर्षी बाहेरचं पोतं कमी आणि गावचं पोतं जास्त असं करत न्यायचं. बाळाला वरण-भात सुरू करतो तेव्हा दूध एका दिवसात तोडत नाही आपण, तसंच हे. आणि हे होतं, झालेलं आहे. केप व्हर्देमध्ये डब्ल्यूएफपीने १९७९ ला शाळेत जेवण सुरू केलं आणि २०१० ला तिथल्या सरकारने ते पूर्ण स्वतःकडे घेतलं, तीस वर्षं लागली पण घेतलं. रवांडा, जिथे १९९४ ला शंभर दिवसांत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं, तिथे २००२ पासून बाहेरच्या मदतीने काही शाळांत जेवण होतं आणि २०२१ ला सरकारने ते देशभर सगळ्या सरकारी शाळांत नेलं. आपलंच घ्या, केअरच्या पावडरीपासून १९९५ च्या योजनेपर्यंत आणि २००१ च्या नोव्हेंबरमधल्या सुप्रीम कोर्टाच्या शिजवलेल्या जेवणाच्या आदेशापर्यंत किती वर्षं गेली. लायबेरियाला करार होऊन वीस-बावीस वर्षं झालीत, त्यातली दोन इबोलाने आणि दोन कोविडने खाल्ली. त्यांना अजून थोडी वर्षं हवीत, आणि ती आधी कबूल केलेली हवीत, दरवर्षी मागून मिळणारी नकोत.

चोरी होते, पोती बाजारात विकली जातात, हे पण ऐकलं. होत असेल, आपल्याकडे होत नव्हतं का? त्यावर उपाय वही आहे, पालकांची समिती आहे, पोत्यावर नंबर आहे, भिंतीवर लिहिलेला आज किती शिजलं किती जेवले हा आकडा आहे. चोरी होते म्हणून पोरांचं ताट उचलत नाहीत.

तर मी एक पत्र लिहिलंय, आपल्या खासदारांच्या नावाने, परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवावं म्हणून. ताईने वाचून दोन ठिकाणी दुरुस्त केलंय. त्यात मागणी एवढीच आहे की डब्ल्यूएफपीला जाणाऱ्या तांदळात लायबेरियासारख्या युद्धातून उठलेल्या देशांच्या शाळांचा वाटा ठरवून द्यावा, तो किमान पाच वर्षांसाठी द्यावा, पहिल्या वर्षी पूर्ण आणि मग तिथली खरेदी वाढेल तसा कमी करत, आणि दरवर्षीचा माल पावसाआधी, म्हणजे एप्रिल संपायच्या आत, मोनरोव्हियाच्या बंदरात उतरलेला असावा. आता तिथे आपली एम्बसी पण आहे, देखरेख कुणी करायची हा प्रश्न नाही. आणि अमेरिकेशी बोलताना, जी-२० मध्ये, युनोत, जिथे जिथे आपले लोक बसतात तिथे शाळेच्या जेवणाचा निधी परत चालू करा हे भारताने आपल्या तोंडाने म्हणावं, ताईसारख्या शेकडो मुली त्या देशात वर्ष-वर्ष उभ्या राहिल्यात, त्यांच्या नावावर म्हणावं.

आमच्या स्टाफमधल्या बहुतेकांनी सही केलीये, ज्यांनी मोखाड्याचा मुद्दा काढला होता त्यांनी पण, मोखाड्यासाठी आणि अंड्यासाठी वेगळं पत्र करायच्या अटीवर, ते पण तयार होतंय. शनिवारी शाळा सुटली की मी दोन्ही पत्रं घेऊन खासदारांच्या ऑफिसला जाणारे, पोच घेऊनच येईन. कळवा, ऐरोली, घणसोली बाजूच्या कुठल्या शाळेला आपल्या शिक्षकांच्या सह्या त्यात घालायच्या असतील तर शुक्रवारपर्यंत कळवा, मधल्या सुट्टीत मी स्वतः कागद घेऊन येईन.